दवाखान्याच्या बाकावर मतदार नोंदणी

२०१९ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉक्टर ॲलिस्टर मार्टिन यांनी इमर्जन्सी विभागाच्या वेटिंग रूममध्ये मतदार नोंदणीची सोय सुरू केली. उपक्रमाचं नाव ‘व्होट-ईआर’. ईआर म्हणजे इमर्जन्सी रूम, आणि दोन्ही शब्द जोडले की होतो ‘व्होटर’. पण रुग्णालयाचा आणि मतदार यादीचा संबंध काय?

आपल्याकडे बीएलओ (मतदान केंद्राचा अधिकारी) घरी येऊन नावं तपासतात. अमेरिकेत ही खटपट बऱ्याच ठिकाणी नागरिकालाच करावी लागते. घर बदललं की पत्ता बदलून घ्यायचा, आणि काही राज्यांत तर मतदानाच्या ३० दिवस आधीच नोंदणी बंद. १९९३च्या कायद्याने ड्रायव्हिंग लायसन्सच्या कार्यालयात नोंदणीची सोय झाली खरी, पण ज्याच्याकडे गाडीच नाही तो तिथे कशाला जाईल? असा माणूस दवाखान्यात मात्र येतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन दवाखान्यांत स्वयंसेवकांनी वाट पाहत बसलेल्या रुग्णांना विचारलं. पात्र असूनही यादीत नसलेले १२८ जण सापडले आणि त्यांतल्या ११४ जणांनी तिथेच नोंदणी केली. म्हणजे अनास्था नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं.

मतदानाने आरोग्य सुधारतं का, हे सिद्ध करणं अवघड आहे. आजारी माणूस मतदानाला कमी जातो, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते कळत नाही. म्हणूनच मला ब्राझीलचा दाखला फार मोलाचा वाटतो. तिथे कागदी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक लिहावा लागे. लिहिता न येणाऱ्या गरिबांची मतं ढिगाने बाद होत. १९९८च्या निवडणुकीत उमेदवाराचा फोटो दाखवणारी मतदान यंत्रं वापरली गेली, पण बहुतेक राज्यांत फक्त ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या नगरपालिकांत. या रेषेच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या गावांत दुसरा फारसा फरक नव्हता. निसर्गतःच प्रयोग मांडला गेला! अर्थतज्ज्ञ थॉमस फुजिवारा यांनी तो तपासला. यंत्रांमुळे बाद मतं घटली. जिथे अशी मतं जास्त प्रमाणात मोजली जाऊ लागली, त्या राज्यांचा आरोग्यावरचा खर्च वाढला, कमी शिकलेल्या गरोदर बायकांच्या तपासण्या वाढल्या आणि कमी वजनाची बाळं कमी जन्मली. मतदार तेच होते, आता त्यांचं मत मोजलं जात होतं. अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाल्यावर बालमृत्यू ८ ते १५ टक्क्यांनी घटल्याचं संशोधक ग्रँट मिलर यांनीही दाखवलं आहे.

तरीही डॉक्टरने हे करावं का? रुग्ण डॉक्टरपुढे अगतिक असतो, म्हणून मर्यादा काटेकोर हव्यात. आधी उपचार. पक्षाचं, उमेदवाराचं नाव काढायचं नाही. नकाराचा उपचारांवर परिणाम होणार नाही, हे स्पष्ट सांगायचं. व्होट-ईआरचे डॉक्टर गळ्यात क्यूआर कोडचा बिल्ला घालतात, तो मला पटतो, कारण रुग्ण आपल्याच फोनवर, हवं तर घरी जाऊन, फॉर्म भरू शकतो.

एक धोका अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी नीट लक्षात ठेवायला हवा. ग्रीन कार्ड किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्यांना तिथल्या राष्ट्रीय निवडणुकीत मत नाही. ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत चुकून खूण झाली, तरी पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, प्रसंगी देशाबाहेर जाण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे कोड स्कॅन करण्याआधी पहिला प्रश्न नागरिकत्वाचाच.