तलवारीची प्रतिकृती घेण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत येणारे बहुतेक ग्राहक तलवार हातात घेतल्याबरोबर तिच्या वजनाचा अंदाज घेतात आणि ती जड लागली की समाधानाने मान डोलावतात. हे माहितीपत्रक छापण्याचे मुख्य कारण तेच आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत प्रत्यक्ष वापरात असलेल्या धोपा (लांब, सरळ पात्याच्या तलवारी) आणि वक्र तलवारी साधारणपणे एक किलोच्या आसपास, थोड्या कमी-अधिक भरतात. घोड्यावरून दिवसभर बाळगायचे आणि वेळ पडेल तेव्हा एका हाताने चालवायचे हत्यार याहून फार जड असून चालण्यासारखे नव्हते. त्यामुळे दोन किलोंची प्रतिकृती कोणी ‘अस्सल वजनाची’ म्हणून पुढे केली, तर तिचे पाते गरजेपेक्षा जाड आहे एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

जाडीबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण कारागिराचे कष्ट सर्वांत जास्त इथेच जातात आणि ग्राहकाचे लक्ष सर्वांत कमी इथेच असते. चांगले पाते मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जाते. आमच्या धोपेचे पाते मुठीजवळ पाच मिलिमीटर असेल, तर टोकाजवळ ते अडीचपर्यंत उतरते. हा उतार ठोकून किंवा घासून काढावा लागतो. सपाट पट्टीतून नुसते कापून काढलेल्या पात्याची जाडी सर्वत्र सारखी राहते, त्यामुळे त्याचा सगळा भार टोकाकडे जातो आणि तलवार मनगटाला ओढू लागते. दुकानात जाताना खिशात साधा व्हर्नियर कॅलिपर ठेवावा आणि मुठीपासून चार बोटांवर व टोकापासून चार बोटांवर अशी दोन मापे घ्यावीत. दोन्ही सारखी आली, तर पुढच्या नक्षीकामाबद्दल घासाघीस करण्याआधी पुन्हा विचार करावा.

काही ग्राहक लोहचुंबक घेऊन येतात. त्यांची सावधगिरी कौतुकास्पद असली, तरी या परीक्षेचा इथे उपयोग होत नाही, कारण शोभेच्या तलवारींसाठी वापरल्या जाणाऱ्या, कडक करता येणाऱ्या स्टेनलेस स्टीललाही चुंबक चिकटतो. स्टेनलेस पाते गंजत नाही, चकचकीत राहते आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर किंवा सत्कारसमारंभात ते शोभून दिसते. तेवढ्याच कामासाठी तलवार हवी असेल, तर ते घ्यायला काहीच हरकत नाही. मात्र एवढ्या लांबीचे स्टेनलेस पाते आघाताने मोडण्याचा धोका असतो, म्हणून मर्दानी खेळासाठी ते कधीही वापरू नये. त्यासाठी मोटारीच्या पाट्याला वापरतात त्या जातीचे स्प्रिंग पोलाद योग्य ठरते, आणि तेही नीट पाणी दिलेले असले पाहिजे. पाणी देणे म्हणजे पाते तापवून लाल करणे, तेलात किंवा पाण्यात एकदम थंड करणे आणि त्यानंतर पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढणे. यातली शेवटची पायरी वगळलेले पाते दिसायला तसेच दिसते, पण आघाताने काचेसारखे तडकू शकते. म्हणून ‘पोलाद कोणते?’ या प्रश्नाबरोबर ‘पाणी कसे दिले?’ हाही प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

मुठीचा जोड बाहेरून दिसत नाही आणि फसगत बहुधा तिथेच होते. गेल्या वर्षी मर्दानी खेळाच्या एका पथकाचे वस्ताद अन्यत्र घेतलेली एक तलवार आमच्याकडे घेऊन आले. मूठ किंचित खुळखुळते, एवढीच त्यांची तक्रार होती. आम्ही मूठ तापवून उघडली, तेव्हा तीन बोटे रुंदीचे पाते मुठीच्या तोंडाशीच संपलेले आढळले; त्याच्या बुडाला पेन्सिलीहून बारीक आट्यांची सळई वेल्ड केलेली होती आणि त्या वेल्डला अर्ध्यापर्यंत चीर गेली होती. आणखी चार हात फिरवले असते, तर पाते समोरच्या प्रेक्षकांत गेले असते. जुन्या वक्र तलवारींत पात्याचीच अरुंद केलेली शेपटी पोकळ लोखंडी मुठीत घालून ती राळेच्या लुकणाने पक्की करीत. धोपेच्या मुठीला पात्याच्या दोन्ही अंगांना पुढे आलेल्या पट्ट्या असत आणि त्यांतून आरपार रिव्हेट मारलेले असत. आम्ही वापराच्या तलवारींत शेपटी अखंड ठेवतो आणि मूठ बसवण्यापूर्वीचे तिचे छायाचित्र ग्राहकाला देतो. असे छायाचित्र कोणत्याही विक्रेत्याकडे मागायला संकोच करू नये.

‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नागमोडी रेषांच्या पात्यांना बरीच जास्त किंमत लावली जाते. दोन जातींच्या पोलादांचे थर जोडून केलेल्या पात्यात त्या रेषा आरपार असतात आणि पाठीच्या कडेवरही दिसतात. नुसत्या आम्लाने उठवलेल्या रेषा पाठीवर येऊन तुटतात आणि बारीक पॉलिश पेपरने पुसल्या जातात. थरांच्या पात्यावर मात्र पॉलिश करून पुन्हा आम्ल लावले की त्या परत उठतात. जुन्या हिंदुस्थानी तलवारींचे प्रसिद्ध जौहर, म्हणजे पात्यावरच्या लहरी रेषा, मुशीत वितळवलेल्या पोलादाचे असत आणि आजचे थरांचे पाते त्याहून वेगळे आहे, हेही ध्यानात ठेवावे. मुठीवरच्या कोफ्तगिरीची परीक्षा भिंगाखाली होते: खऱ्या कामात लोखंडावर आधी बारीक आडव्या-उभ्या चिरा पाडून त्यांवर चांदीची किंवा सोन्याची तार ठोकून बसवलेली असते, आणि झिजलेल्या कडांपाशी त्या चिरा दिसतात.

‘हुबेहूब’ हा शब्द आम्ही जपून वापरतो. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनमधील लिलावातून मिळवलेल्या रघुजी भोसले यांच्या तलवारीचे पाते युरोपीय बनावटीचे, एकधारी आहे आणि तिच्यावरील देवनागरी लेखात तिला ‘फिरंग’ म्हटले आहे. मराठ्यांच्या कितीतरी नामांकित तलवारींची पाती अशी परदेशातून आलेली आणि मुठी इथल्या होत्या. त्यामुळे एखादे थोर नाव लावून विकली जाणारी सोनेरी, सिंहमुखी, अर्धचंद्रासारखी वाकलेली तलवार पाहिली की, हिचा मूळ नमुना कोणत्या संग्रहालयात पाहायला मिळेल, असे विचारावे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा डोळे भरून पाहिलेल्या ग्राहकाला आम्हांला फारसे काही समजावून सांगावे लागत नाही.

तलवारीचा समावेश शस्त्र नियम, २०१६ मध्ये धारदार शस्त्रांत केलेला आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना बोथट तलवारही मिरवणुकीत नेल्यास कारवाई होऊ शकते. म्हणून आधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारावे. परदेशी पाठवायच्या तलवारीचे, ती नवी बनावट असल्याचे नमूद केलेले बिल जपून ठेवावे, कारण शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरतात आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. नव्या पात्याला आम्लाने गंजवून ‘वाड्यातली जुनी’ म्हणून विकणाऱ्यांकडे हे बिल अर्थातच मिळत नाही.

पोलादी पाते दर महिन्याला कोरड्या सुती कापडाने पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होते, ते वापरू नये. तलवार कायम म्यानात ठेवू नये, विशेषतः चामड्याच्या म्यानात, कारण त्यात ओल धरते. खंडेनवमीला शस्त्रपूजन झाल्यावर हळद-कुंकू आणि अक्षता त्याच संध्याकाळी पुसून घ्याव्यात. पात्यावर लिंबू कापण्याची किंवा टोकाला लिंबू खोचण्याची पद्धत आपल्या घरी असेल, तर पूजा आटोपताच पाते पुसून त्याला तेल लावावे. रात्रभर राहिलेल्या लिंबाचा काळा डाग काढण्यासाठी आम्हांला संपूर्ण पात्याला नव्याने शिकल करावी लागते, म्हणजे ते घासून चकचकीत करावे लागते, आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.