अराकी, सादाओ
अराकी, सादाओ : (२६ मे १८७७ – २ नोव्हेंबर १९६६). जपानचा सेनानी, युद्धमंत्री, शिक्षणमंत्री आणि उग्र राष्ट्रवादाचा प्रभावी प्रचारक. जन्म तोक्योजवळच्या कोमाए येथे. १८९७ मध्ये लष्करी अकादमीतून बाहेर पडल्यावर तो रशिया-जपान युद्धात (१९०४–०५) लढला. पुढे काही काळ रशियात लष्करी प्रतिनिधी होता. सोव्हिएट रशिया हाच जपानचा खरा शत्रू, हे मत त्याने कधी सोडले नाही.

डिसेंबर १९३१ मध्ये, ईशान्य चीनमधील मांचुरियात जपानचे आक्रमण सुरू असताना, तो पंतप्रधान इनुकाई याच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री झाला. माझाकी जिंझाबुरो याच्यासह तो लष्करातील ‘कोदोहा’ म्हणजे सम्राटमार्गी गटाचा म्होरक्या होता. रणगाडे-विमानांपेक्षा सैनिकाचे मनोबल मोठे, ही त्याची शिकवण. सैन्याला तो आग्रहाने ‘सम्राटाची सेना’ म्हणे. या विचाराची खूण तलवारीवरही उमटली. तोवर जपानी अधिकाऱ्याच्या कमरेला युरोपीय धाटणीची, एका हाताने धरायची तलवार असे. १९३३ मध्ये अराकीच्या पुढाकाराने तोक्योतील यासुकुनी या युद्धात मेलेल्यांच्या स्मृतिमंदिराच्या आवारात पारंपरिक पद्धतीने तलवारी घडवणारी भट्टी पेटली. पुढच्याच वर्षी, दोरीने गुंफलेल्या लांब मुठीची, सामुराई वळणाची तलवार लष्करात आली.

मे १९३२ मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाईचा खून केला. ज्याच्या मंत्रिमंडळात आपण बसलो त्याच्याच मारेकऱ्यांचा हेतू शुद्ध होता, असे अराकीने जाहीरपणे म्हटले. त्याच्या कारकीर्दीतील ही सर्वांत घातक गोष्ट मानावी लागते, कारण हेतू शुद्ध असला की खूनही क्षम्य ठरतो, हा धडा तरुण अधिकाऱ्यांनी उचलला. आजारपणामुळे जानेवारी १९३४ मध्ये त्याने पद सोडले. २६ फेब्रुवारी १९३६ रोजी कोदोहा विचाराच्या अधिकाऱ्यांनी सुमारे दीड हजार सैनिकांसह तोक्योत बंड केले व अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो याला ठार मारले. सम्राटाने ते मोडून काढायला लावले. नंतर अराकीची रवानगी राखीव दलात झाली.

१९३८–३९ मध्ये शिक्षणमंत्री असताना त्याने शाही विद्यापीठांचा कुलगुरू निवडीचा हक्क काढून घेण्याचा प्रयत्न केला. विद्यापीठांत लष्करी शिक्षण सक्तीचे झाले तेही त्याच्याच काळात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांसाठी चाललेल्या तोक्यो खटल्यात १९४८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी आपल्या भिन्नमतपत्रिकेत इतर आरोपींप्रमाणे त्यालाही निर्दोष ठरवले होते. प्रकृतीच्या कारणावरून १९५५ मध्ये सुगामो तुरुंगातून त्याची सुटका झाली. नारा प्रांतातील तोत्सुकावा येथे तो निधन पावला.