सामर्थ्य व कठिनता परीक्षण यंत्रे

पदार्थ किती भाराला तुटतो, तुटण्याआधी किती ताणला जातो आणि त्याच्या पृष्ठभागात दुसरी वस्तू कितपत रुतते, हे आकड्यांत सांगणारी यंत्रे. बोलताना सामर्थ्य आणि कठिनता हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण ते गुण वेगळे आहेत. काचेवर सहजासहजी ओरखडा उठत नाही, तरी ती हातातून पडली की फुटते. मोजण्याच्या दृष्टीने फरक आणखी मोठा आहे. सामर्थ्य काढायचे तर नमुना मोडावा लागतो. कठिनता काढली की मालावर फक्त एक बारीक खूण उरते. त्यामुळे सळईच्या प्रत्येक लॉटमधले थोडेच तुकडे तोडले जातात, पण बेअरिंगच्या कड्या हव्या तर एकेक करून तपासता येतात.

लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत लोखंडी तारेची एक चाचणी आहे. तारेला टोपली टांगायची, तिच्यात बारीक भोकातून वाळू पडू द्यायची. तार तुटली की स्प्रिंगने भोक बंद व्हायचे आणि टोपलीतली वाळू तोलायची. भार हळूहळू वाढवायचा आणि तुटण्याच्या क्षणी थांबवायचा, ही मूळ कल्पना आजही तीच आहे. पुढे गॅलिलिओने १६३८ साली भिंतीत रोवलेली तुळई कशी मोडते याचा विचार मांडला आणि अठराव्या शतकात तरफेवर चालणारी चाचणी यंत्रे आली.

हे काम धंदा म्हणून उभे केले ते डेव्हिड कर्काल्डी या स्कॉटिश अभियंत्याने. ग्लासगोच्या कारखान्यात असताना त्याने घडीव लोखंड आणि पोलादाचे असंख्य नमुने तोडून पाहिले आणि १८६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मग स्वतःचे यंत्र आखून त्याचे पेटंट घेतले, लीड्समध्ये ते बनवून घेतले आणि १८६६ मध्ये लंडनच्या सदर्क भागात चाचणीगृह उघडले. यंत्र आडवे, जवळजवळ ४७ फूट लांब, वजन सुमारे ११६ टन. पाण्याच्या दाबावर चालणारा दट्ट्या नमुना ओढी आणि भार तरफा व वजनांनी मोजला जाई. कमाल भार १० लाख पौंड, म्हणजे सुमारे ४५० टन. १८७४ मध्ये चाचणीगृह सदर्क स्ट्रीटवरच्या नव्या इमारतीत गेले. तिच्या दारावर कोरले होते, ‘तथ्ये, मते नव्हेत’. लोखंड विकणारा आपला माल उत्तमच म्हणणार. ते ठरवायला ज्याचा त्या मालात पैसा नाही असा माणूस हवा, हा त्या पाटीचा रोख. डिसेंबर १८७९ मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात गाडीसकट कोसळला, तेव्हा त्याचे भाग तपासायला कर्काल्डीकडेच आले. ताणपट्ट्या ज्यांना जोडल्या होत्या ते ओतीव लोखंडाचे कान, म्हणजे पट्टी अडकवायचे बाहेर आलेले भाग, हिशेबात धरलेल्या भारापेक्षा बऱ्याच कमी भाराला तुटले. यंत्र आजही त्याच इमारतीत आहे. आता तिथे संग्रहालय आहे.

आजच्या प्रयोगशाळांत मुख्य यंत्र म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, बोलीभाषेत यूटीएम. एकाच यंत्रावर ओढणे, दाबणे आणि वाकवणे तिन्ही होते, म्हणून ते ‘युनिव्हर्सल’. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ४० टन, ६० टन, १०० टन क्षमतेची तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे दिसतात. पंप तेल ढकलतो, दट्ट्या वरची चौकट उचलतो. वरच्या आणि मधल्या आडव्या तुळ्यांमध्ये नमुना ओढला जातो, मधल्या तुळईखाली तो दाबला जातो.

साध्या मऊ पोलादाची सळई जबड्यांत धरून यंत्र सुरू केले की डायलवरचा काटा सरळ चढत जातो. मग एका जागी तो थबकतो, किंचित डळमळतो. सळईवरची काळी खपली टवके होऊन झडू लागते. हा यील्ड पॉइंट. इथून पुढे भार काढला तरी सळई मूळ लांबीवर येत नाही. काटा पुन्हा चढतो, कमाल भार गाठतो, सळई एका ठिकाणी बारीक होऊन तिला जणू मान फुटते. आता काटा मागे येऊ लागतो, सोबतचा दुसरा काटा मात्र कमाल आकड्यावर तसाच राहतो. धाडकन आवाज होतो. हातात येणाऱ्या तुकड्यांपैकी एकाचे टोक वाटीसारखे, दुसऱ्याचे त्या वाटीत बसणाऱ्या शंकूसारखे. तुटलेली जागा कोमट लागते. दोन तुकडे जोडून लांबी मोजली की सळई किती ताणली गेली ते कळते. घर बांधताना वापरतात त्या एफई ५०० प्रतीच्या सळईला प्रत्येक चौरस मिलिमीटरला किमान ५०० न्यूटन यील्ड ताण सोसावा लागतो. १२ मिमीच्या सळईत हा भार पावणेसहा टनांच्या आसपास जातो.

काँक्रीटला ओढत नाहीत, दाबून फोडतात. साइटवर ‘क्यूब फोडणे’ म्हणतात ते हेच. १५० मिमीचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्रात घालायचा. एम २० या प्रतीच्या काँक्रीटकडून २० न्यूटन प्रति चौ. मिमीची अपेक्षा असते, म्हणजे ठोकळ्यावर सुमारे ४६ टन. भार मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौ. मिमी या वेगाने चढवायचा असतो, त्यामुळे २० गाठायला दीड मिनिट लागते. घाई करून भार झपाट्याने चढवला तर आकडा फुगतो, आणि ओतताना वर असलेली खडबडीत बाजू प्लेटखाली आली तर तो पडतो. ठोकळा आणि यंत्र दोन्ही निर्दोष असून निकाल चुकीचा येतो तो असा.

अचानक बसणाऱ्या दणक्याला यूटीएमचा उपयोग नाही. त्यासाठी चार्पी आणि आयझॉड या लंबकाच्या चाचण्या आहेत. खाच पाडलेला तुकडा लंबकाने मोडायचा आणि लंबक पलीकडे किती उंच जातो त्यावरून खर्ची पडलेली ऊर्जा काढायची.

कठिनतेची सर्वांत जुनी चाचणी लोहाराची: पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड केलेल्या हत्यारावर कानस फिरवून पाहायची, घसरली तर पाणी नीट बसले. खनिजांसाठी मोस यांची ओरखड्याची मोजपट्टी १८१२ ची. धातूंसाठी आकडा दिला तो स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी, १९०० साली. १० मिमीचा गोळा ३,००० किलोच्या भाराने दाबायचा आणि उमटलेल्या खळग्याचा व्यास सूक्ष्मदर्शकातून वाचायचा. व्यास ४ मिमी आला तर कठिनता २२९, ३ मिमी आला तर ४१५. खळगा मोठा असल्याने ओतीव लोखंडातले ग्रॅफाइट आणि लोह यांची सरासरी मिळते. फाउंड्रीत ब्रिनेल टिकून आहे तो त्यामुळे. पातळ पत्र्याला किंवा फार कठीण पोलादाला ती चालत नाही.

अमेरिकेत बेअरिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्या ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी खळग्याचा व्यास वाचण्याची कटकटच काढून टाकली. आधी १० किलोचा हलका भार, मग मोठा भार, तो काढल्यावर दाबणारे टोक किती खोल उरले ते यंत्रच डायलवर दाखवते. सी पट्टीवर हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू आणि १५० किलो भार असतो. तिथे ६० आकडा आला म्हणजे खोली अवघी ०.०८ मिमी. बी पट्टीवर गोळा आणि १०० किलो. म्हणून नुसते ‘हार्डनेस ४५’ असे लिहिलेला रिपोर्ट कामाचा नाही: ४५ एचआरसी (सी पट्टीवर) म्हणजे पाणी दिलेले पोलाद, ४५ एचआरबी (बी पट्टीवर) म्हणजे अगदी मऊ धातू. बारीक भागांसाठी १३६ अंशांच्या हिऱ्याच्या पिरॅमिडची विकर्स पद्धत १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये आली. रबरासाठी शोअर नावाची कठिनतामापके वापरतात, जागचे हलवता न येणाऱ्या अवजड भागांसाठी हातात धरायचे लीब उपकरण.

महाराष्ट्रात इचलकरंजी, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात अशी यंत्रे बनवणारे कारखाने आहेत.

ही यंत्रे स्वतःही ठरावीक मुदतीने तपासावी लागतात. यूटीएमसाठी प्रमाणित लोडसेल (भार मोजणारे उपकरण), कठिनतेसाठी आकडा कोरलेला पोलादी ठोकळा. त्यावर एका खुणेशेजारी अगदी खेटून दुसरी खूण घ्यायची नाही, कारण पहिलीने भोवतालचा धातू आधीच घट्ट केलेला असतो. ठोकळा उलटा करून मागची बाजूही वापरायची नसते, आणि वरची बाजू खुणांनी भरली की तो मोडीत.