रसारोहण

जमिनीतले पाणी मुळांवाटे आत शिरून खोडातून शेंड्याच्या पानापर्यंत चढते, त्या क्रियेला रसारोहण म्हणतात. यातला ‘रस’ हा शब्द थोडा फसवा आहे. वर चढतो तो द्रव बहुतांशी पाणीच असतो, त्यात थोडी खनिजे विरघळलेली असतात. पानांत तयार झालेल्या साखरेची वाट वेगळी, ती सालीच्या आतल्या थरातून जाते. पाणी मात्र लाकडातून चढते आणि मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पानांतून वाफ होऊन हवेत जाते. या उडून जाण्यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. वरवर पाहता ही निव्वळ उधळपट्टी वाटते, पण पाणी वर चढते ते तिच्याच जोरावर.

खरा पेच आहे उंचीचा. पाणी ओढणारा पंप वस्तुतः पाणी ओढत नाही. तो नळीतली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. त्यामुळे नळीत कितीही चांगली निर्वात पोकळी केली, तरी पाणी सुमारे १०.३ मीटरच्या वर चढत नाही. कॅलिफोर्नियातले सर्वांत उंच रेडवूड झाड मात्र ११५ मीटरहून उंच आहे. तेवढ्या उंचीवर पाणी नुसते तोलून धरायलाच हवेच्या दाबाच्या ११ पटींहून अधिक जोर लागतो. लाकडातल्या अरुंद नळ्यांतले घर्षण धरले तर हा आकडा वीसच्या घरात जातो. झाडात पंप नाही, हृदय नाही, हलणारा एकही भाग नाही.

मुळे पाणी खालून ढकलत असतील, ही कल्पना सर्वांत आधी सुचते. असा मूलदाब खरोखर असतो. स्टीफन हेल्स यांनी तो द्राक्षवेलीत मोजला आणि १७२७ साली प्रसिद्ध केला. पण तो बहुधा हवेच्या दाबाच्या एक-दोन पटच भरतो, पुष्कळशा सूचिपर्णी वृक्षांत आढळतच नाही आणि भर दुपारी, पाण्याची ओढ सर्वाधिक असते नेमका तेव्हाच नाहीसा होतो. दुसरी कल्पना केशाकर्षणाची. ०.०२ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी आपोआप चढते खरे, पण जेमतेम पाऊण मीटर. खोडातल्या जिवंत पेशी पाणी वर सरकवत असतील, अशीही शंका होती. ती एदुआर्त श्ट्रासबुर्गर यांनी १८९१ मध्ये मोडून काढली. कापलेल्या झाडांचे बुंधे त्यांनी विषारी द्रावणात ठेवले. वाटेतल्या पेशी मेल्या, तरी द्रावण वीस मीटरपर्यंत चढत राहिले. जगदीशचंद्र बोस यांनी पुढे १९२३ मध्ये पेशींच्या स्पंदनाचा सिद्धांत मांडला. वनस्पतींच्या हालचाली टिपणारी त्यांची उपकरणे अतिशय नाजूक व अचूक होती, पण हा सिद्धांत टिकला नाही.

आज मान्य असलेले उत्तर हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी डब्लिनमध्ये १८९४ साली मांडले. पाणी खालून ढकलले जात नाही, ते वरून ओढले जाते.

ही ओढ कुठे निर्माण होते ते पाहण्यासाठी पानाच्या आत शिरावे लागते. पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या, मागे हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांच्या कडेने पेशींच्या ओल्या भिंती. या भिंती सेल्युलोजच्या धाग्यांच्या विणीसारख्या असून विणीतली भोके काही नॅनोमीटरची असतात. प्रत्येक भोकात पाणी भरलेले असते. वरचे थोडे पाणी उडाले की उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत खोलगट वळतो आणि पृष्ठताणामुळे मागचे पाणी खेचतो. भोकाची त्रिज्या १० नॅनोमीटर असेल तर ही खेच हवेच्या दाबाच्या सुमारे १४० पटींपर्यंत जाऊ शकते. म्हणजे केशाकर्षण कामाचे आहेच, पण ते खोडातल्या रुंद नळीत नव्हे, पानातल्या या भोकांत. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत नेमका इथेच घोळ असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे पानातली ओढ अखंड जलस्तंभातून थेट मुळापर्यंत पोहोचते, दोर वरून ओढावा तशी. ऊर्जा सूर्याची, आणि तहान कोरड्या हवेची. निम्मी आर्द्रता असलेल्या हवेची पाणी ओढण्याची क्षमता दाबाच्या भाषेत हवेच्या दाबाच्या ९०० पटींहून अधिक भरते.

पाणी ताणता येते हे मनाला पटायला जड जाते. लायमन ब्रिग्ज यांनी १९५० मध्ये बारीक काचनळी गरगर फिरवून नळीतले पाणी दोन्ही टोकांकडे ओढले. ते तुटायला हवेच्या दाबाच्या सुमारे २७० पट ताण लागला. झाडातला ताण प्रत्यक्ष मोजण्याची सोपी युक्ती पेर शोलांडर यांनी १९६५ मध्ये रूढ केली. डहाळी कापली की तिच्यातले ताणलेले पाणी कापापासून आत सटकते. ती पानांसह पोलादी डब्यात ठेवायची, कापलेले टोक रबरी बुचातून बाहेर काढायचे आणि डब्यात वायूचा दाब हळूहळू वाढवायचा. एका क्षणी कापावर पाण्याचा थेंब चमकतो. त्या क्षणी डब्यात जेवढा दाब, तेवढाच आधी पाण्यात ताण होता. डग्लस फर या उंच सूचिपर्णी वृक्षाच्या शेंड्याकडच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने पाडून घेतल्या. समुद्राच्या पाण्यात उभ्या असलेल्या खारफुटीत ताण हवेच्या दाबाच्या ३० ते ६० पट निघाला. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी खेचायला तो तेवढा लागतोच. फुलाचा देठ पाण्याखाली धरून कापावा म्हणतात, त्याचे कारणही हेच. हवेत कापला तर पाणी आत सटकते आणि मोकळ्या झालेल्या नळ्यांत हवा शिरते. ताणामुळे नळ्या आणि सालही किंचित आवळतात, म्हणून झाडाचे खोड दिवसा अंशमात्र बारीक होते आणि रात्री पुन्हा फुगते.

ताणलेला दोर तुटूही शकतो. दुष्काळात ताण फार वाढला की शेजारच्या रिकाम्या नळीतली हवा दोन नळ्यांना जोडणाऱ्या, भिंतीतल्या बारीक खाचांतून पाण्यात खेचली जाते, बुडबुडा क्षणात पसरतो आणि ती नळी निकामी होते. जॉन मिलबर्न व जॉन्सन यांनी १९६६ मध्ये हे तुटणे ‘टक्’ अशा आवाजाच्या रूपात टिपले. सूचिपर्णी वृक्षांच्या खाचेत मधोमध एक जाड चकती लवचीक धाग्यांवर तोललेली असते. एका बाजूला हवा आली की चकती दुसऱ्या बाजूच्या तोंडावर जाऊन बसते आणि वाट बंद होते. झाडाच्या अंगातली इतकी नेटकी झडप क्वचितच दुसरी असेल. रुंद नळीतून पाणी सुसाट वाहते, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. ओकसारख्या वृक्षांत ते तासाला वीस ते चाळीस मीटर धावते, सूचिपर्णी वृक्षांत एखाद-दोन मीटर. पण रुंद नळ्यांना गोठणाऱ्या थंडीत बुडबुड्यांचा धोका जास्त. २२६ वृक्षजातींच्या २०१२ मधल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के जाती धोक्याच्या ताणाच्या अगदी जवळ जगताना आढळल्या, मग ते जंगल ओले असो वा कोरडे.

साखरेचा रस मात्र ताणाने नव्हे, दाबाने वाहतो. पानाकडे साखर भरली जाते, तर्षणाने, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यातून दाट द्रावणाकडे पाझरून, पाणी आत येते, दाब वाढतो आणि रस मुळा-फळांकडे ढकलला जातो. हे स्पष्टीकरण एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये दिले.

उंचीची मर्यादाही ताणच ठरवतो. दर मीटरला तो हवेच्या दाबाच्या एक-दशांशाने वाढतो, त्यामुळे रेडवूडच्या शेंड्याची पाने मुळाशी माती ओली असतानाही दुष्काळातल्या झाडासारखी आखूड व जाड होतात. २००४ मध्ये जॉर्ज कॉख व सहकाऱ्यांनी अशा झाडांवर चढून मोजमापे घेतली आणि उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटर काढली.