शनिशिंगणापूरचा चौथरा आणि १९५६ च्या कायद्यातील दोन शब्द

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ न देण्याचा वाद २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने परंपरेत हात घातला, अशी चर्चा राज्यभर झाली. त्या प्रकरणात न्यायालयाने कोणताही नवा हक्क निर्माण केला नव्हता. विधिमंडळाने साठ वर्षांपूर्वी केलेला आणि स्त्रियांच्या बाबतीत जवळपास विस्मरणात गेलेला एक कायदा पाळण्यास त्याने सरकारला सांगितले, एवढेच. परंपरेला धक्का बसला असेल, तर तो १९५६ मध्येच बसला होता.

काळारामाचा सत्याग्रह आणि मे १९४७ मधील पंढरपूरचे उपोषण यांची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. त्याच वर्षी मुंबई प्रांतात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला आणि १९५६ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. दरम्यान संविधानाने एका हाताने सार्वजनिक हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिला, तर दुसऱ्या हाताने संप्रदायांना आपला धार्मिक कारभार पाहण्याची मोकळीक दिली. या दोन तरतुदींची पहिली मोठी टक्कर मुल्कीच्या व्यंकटरमण मंदिराच्या खटल्यात झाली. हे मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे. संप्रदायाच्या खास विधींच्या वेळी इतरांना बाहेर थांबवता येईल, मात्र दार कायमचे बंद ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ठरवले. पुढे आपण हिंदूच नाही, त्यामुळे हा कायदा आपल्याला लागू होत नाही, असा दावा अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी केला. १९६६ मध्ये तो फेटाळताना मूळच्या साताऱ्याच्या सरन्यायाधीशांना हिंदू धर्म म्हणजे काय, याचीच निकालपत्रात विस्ताराने चर्चा करावी लागली.

खरा गुंता १९५६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात आहे. रूढी, परंपरा किंवा अन्य कायदा काहीही सांगत असला, तरी कोणत्याही ‘वर्गाच्या किंवा घटकाच्या’ हिंदूला सार्वजनिक पूजास्थानात जाण्यास अडवता येणार नाही, असे ते कलम म्हणते. या शब्दांची व्याख्या मात्र जात, पोटजात, पंथ, संप्रदाय यांच्याभोवती फिरते. स्त्रियांचा उल्लेख तीत नाही. विधेयक करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अस्पृश्यता होती, हे उघड आहे. त्यामुळे स्त्रिया हा ‘वर्ग’ ठरतो का, हा प्रश्न खोडसाळ म्हणता येत नाही. पण हिंदूंमधील निम्म्या माणसांना ‘कोणत्याही वर्गाच्या हिंदू’ या शब्दांबाहेर ठेवायचे, तर कायदा वाकवूनच वाचावा लागतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

याच कलमात आणखी एक शब्दयोजना आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. इतर कोणताही हिंदू ज्या रीतीने आणि जिथपर्यंत जाऊ शकतो, त्याच रीतीने आणि तिथपर्यंतच जाण्याचा हा हक्क आहे. म्हणजे गाभाऱ्यात जाण्याचा स्वतंत्र हक्क कायदा कुणालाच देत नाही. पुरुष भक्त जिथे उभा राहतो, तिथे स्त्रीलाही उभे राहता आले पाहिजे. दोघांनाही पायरीशीच थांबवले, तर कायद्याचा भंग होत नाही.

शिंगणापुरात नेमके हेच घडले. छप्पर नसलेल्या उघड्या चौथऱ्यावर सुमारे साडेपाच फुटांची काळी शिळा, तिच्यावर तेलाचा अभिषेक, आणि हात जोडून खाली थांबलेल्या स्त्रिया, हे तेथील नेहमीचे दृश्य होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने वर जाऊन तेल वाहिले. त्यानंतर शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धी करण्यात आली आणि सुरक्षारक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. एका स्त्रीच्या हातच्या तेलाने देव विटाळतो, असे त्या दुधाने जाहीरपणे सांगितले; चौथऱ्यावरच्या बंदीपेक्षा ती शुद्धीच अनेकींच्या जिव्हारी लागली. १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने कायद्याची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. अडवणूक करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आधीपासूनच होती. यावर देवस्थानाने चौथरा पुरुषांनाही बंद केला. ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. शिळेला पाणी घालण्याची रीत मोडू नये म्हणून अनेक पुरुष बंदी झुगारून वर गेले, आणि त्याच दिवशी देवस्थानाला चौथरा सर्वांसाठी खुला करावा लागला. परंपरेच्या एका अंगाने तिच्याच दुसऱ्या अंगाला वाट करून दिली. त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्याबाबतही त्याच वसंतात समान बंदीचा मार्ग काही काळ चोखाळला गेला.

केरळच्या १९६५ च्या कायद्यातही ‘वर्ग किंवा घटक’ हेच शब्द आहेत, मात्र रूढीनुसार स्त्रियांना मज्जाव करणारा एक नियम त्याच्या जोडीला होता. दहा ते पन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांवरील शबरीमलाची बंदी केरळ उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वैध ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा नियम रद्द केला. विरोधी मत पीठातील एकमेव महिला न्यायमूर्तींचे होते. धर्मात काय अत्यावश्यक आहे, हे त्या धर्माच्या अनुयायांनी ठरवायचे. तर्काच्या कसोटीवर श्रद्धा घासून पाहण्याचे काम न्यायालयाचे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मताचे वजन नोव्हेंबर २०१९ मध्ये दिसले. फेरविचाराच्या सुनावणीत तीन विरुद्ध दोन मतांनी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला आणि पुढच्या वर्षी त्यासाठी नऊ न्यायमूर्तींचे पीठ बसले. ‘हिंदूंचा वर्ग किंवा घटक’ या शब्दांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्नही त्या पीठापुढच्या मुद्द्यांत होता.