रेदरी व सॉमची खाडी (पिकार्दी, फ्रान्स)

उत्तर फ्रान्सच्या पिकार्दी प्रदेशात जुन्यापान्या वस्तूंच्या रस्त्यावरच्या बाजाराला ‘रेदरी’ म्हणतात. शब्द पिकार बोलीतला आहे. प्रदेशाबाहेर तो फारसा चालत नाही. या बाजारांपैकी सर्वांत मोठा आमियाँ शहरात वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. आमियाँहून सॉम नदीची खाडी ७० किमीच्या आत आहे. त्यामुळे शरदातल्या त्या शनिवार-रविवारी बाजार आणि समुद्र एकाच फेरीत होतात. मात्र दोन्हींची घड्याळे वेगळी आहेत. बाजार पहाटेच्या अंधारावर चालतो, खाडी चंद्रावर, आणि दहाला न्याहारी करून निघणाऱ्या प्रवाशाच्या हाती दोन्हीकडे थोडेच लागते.

बाजारांचे प्रकार : जाहिरातीवरचा शब्द आधी नीट वाचावा, कारण त्यावरून विक्रेता कोण ते कळते. ‘ब्रोकांत’ म्हणजे मुख्यतः व्यावसायिकांचा बाजार. ‘व्हीद-ग्रनिए’चा शब्दशः अर्थ ‘माळा रिकामा करणे’. तिथे घरोघरचे लोक आपल्याच वापरलेल्या वस्तू मांडतात. खासगी व्यक्तीला अशा विक्रीत वर्षातून जास्तीत जास्त दोनदा बसता येते, आणि आयोजकाला प्रत्येक विक्रेत्याची ओळखपत्रासह नोंदवही ठेवावी लागते. ‘ब्राद्री’त दुकानदारांचा उरलेला मालही येतो. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी भरणारी लील शहराची ब्राद्री या सगळ्यांत प्रचंड. तिथे हॉटेलांपुढे रचलेले मसल जातीच्या काळ्या रिकाम्या शिंपल्यांचे ढीग पाहायला म्हणूनही लोक जातात. नीस शहरातल्या दहशतवादी हल्ल्यानंतर २०१६ साली ती सुरक्षेच्या कारणाने रद्द झाली होती. लीलला गर्दी आणि उत्सव अधिक. वस्तू धुंडाळायच्या असतील तर आमियाँ बरे. आमियाँच्या रेदरीत व्यावसायिक आणि घरगुती विक्रेते शेजारी शेजारी बसतात, आणि कोण कोणता हे ओळखणे हाच तिथला पहिला धडा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात विक्रेता सहसा धंदेवाईकच असतो. इथे आजीचे कपाट रिकामे करणारी नात आणि तिच्याकडून पहाटे घेतलेला माल चार हातांवर दुप्पट भावाने मांडणारा व्यापारी एकाच रांगेत असतात.

वेळ : ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमियाँला सूर्य सुमारे आठ वाजता उगवतो. चांगला माल त्याआधीच हलतो. गाड्यांतून खोकी उतरत असतानाच (याला ‘देबालाज’ म्हणतात) जाणकार विजेऱ्या घेऊन फिरत असतात. त्यांत बरेचसे व्यापारीच असतात. खोके उघडण्याआधी हात घालणे असभ्य मानले जाते, विचारून पाहावे. नऊ-साडेनऊनंतर गर्दी वाढते आणि भाव ताठ होतात. दुपारी तीननंतर परत नेण्याचा कंटाळा आलेला विक्रेता भाव सोडतो, पण तोवर उरते ते बोजड किंवा फुटके. म्हणून कपाट, टेबल, आरसा असला मोठा माल दुपारी आणि चांदी, चिनीमाती, कापड पहाटे, असा सर्वसाधारण क्रम ठेवतात.

सोबत काय न्यावे : विजेरी, तीन मीटरची मोजपट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, छोटे लोहचुंबक, जुनी वर्तमानपत्रे, चाकांची पिशवी. आपल्या गाडीच्या डिकीची लांबी-रुंदी कागदावर लिहून न्यावी. फसगतीची सगळ्यात सामान्य जागा तीच. पैसे रोख आणि सुटे न्यावेत. पाच युरोच्या वस्तूसाठी पन्नासची नोट काढली की घासाघीस तिथेच संपते. फ्रान्सच्या रहिवाशाला व्यावसायिक विक्रेत्यास १,००० युरोपर्यंतच रोख देता येते. त्यापुढे कार्ड, धनादेश किंवा बँकेतून पैसे पाठवणे.

पारख : चांदीत फसवणुकीपेक्षा गैरसमज अधिक. फ्रेंच चांदीवर १८३८ पासून अष्टकोनी चौकटीत मिनर्व्हा देवीच्या मुखवट्याची छाप असते. शेजारचा १ हा आकडा हजारात ९५० भाग चांदी दाखवतो, २ हा ८०० भाग. मुलामा दिलेल्या वस्तूंवर चौकोनी छाप असते आणि त्यात अनेकदा एखादा आकडा, उदाहरणार्थ ८४. हा आकडा शुद्धतेचा नव्हे. डझनभर चमचे आणि डझनभर काट्यांवर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली त्याचा तो आकडा. अंधारात चौकोन आणि अष्टकोन सारखेच दिसतात. भिंग त्यासाठीच.

लोहचुंबक पितळेचा मुलामा दिलेले लोखंड लगेच पकडतो, पण पुतळ्यांच्या बाबतीत तो निरुपयोगी. ब्राँझला तो चिकटत नाही आणि ‘रेग्युल’ नावाच्या स्वस्त जस्तमिश्रणालाही नाही. पुतळा उलटा करून तळाचा ओरखडा पाहावा. पिवळसर असेल तर ब्राँझ, करडा-पांढरा असेल तर रेग्युल. तांब्याच्या भांड्यात आतली कल्हई पाहावी. ती गेली असेल तर भांडे आंबट पदार्थांच्या कामाचे नाही, आणि नव्याने कल्हई लावणारा फ्रान्समध्ये गल्लोगल्ली मिळत नाही. तो खर्च मनात धरूनच भाव करावा. चिनीमातीची बशी बोटांच्या टोकांवर तोलून नखाने हलकी टिचकी मारावी. आवाज बद्द आला तर केसासारखी चीर कुठेतरी आहेच, दिसो वा न दिसो. लाकडाच्या खणाखाली व पायांत भुंगेऱ्याची भोके असतात. जुनी भोके चालतात. त्यातून ताजा, फिकट भुसा गळत असेल तर ती वस्तू घरातल्या बाकी लाकडाकडेही किडा नेते.

या भागात तागाच्या जाड चादरी अजून पुष्कळ निघतात. ताग म्हणजे इथे अळशीच्या खोडाचा धागा, आपला गोणपाटाचा नव्हे. मधोमध शिवण असलेली चादर अरुंद मागावरची, म्हणून जुनी असण्याची शक्यता जास्त. ‘मेती’ म्हणजे ताग व कापूस मिश्र; ती मऊ, पण भाव कमी. चादर पूर्ण उलगडून उजेडासमोर धरावी. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले कापड घडीवरच विरते, आणि घातलेल्या घडीवरून ते कळत नाही. गंजाचे डाग घरच्या धुण्याने सहसा जात नाहीत.

विक्रेत्याचे शब्दही मोजून घ्यावेत. ‘अमुक काळातले’ आणि ‘अमुक शैलीतले’ यांत कायद्याचे अंतर आहे. ३ मार्च १९८१ च्या आदेशानुसार काळाचा उल्लेख ही हमी ठरते. ‘शैली’ म्हटले की काहीच हमी नाही. महाग वस्तूची पावती मागावी आणि काळ तीवर लिहून घ्यावा. ‘दाँ सों ज्यु’ (शब्दशः ‘आपल्याच रसात’) म्हणजे हात न लावलेली, जशीच्या तशी वस्तू. कधी ती स्तुती असते, कधी दुरुस्ती टाळल्याची कबुली. हस्तिदंताचा व्यापार फ्रान्सने २०१६ पासून फार आवळला आहे. कागदपत्रांशिवाय हस्तिदंती मुठीची सुरीही घेऊ नये.

घासाघीस चालते, पण आपल्याकडच्यासारखी अर्ध्यापासून नव्हे. आधी ‘बोंजूर’, मग वस्तू, मग भाव. दहा-वीस टक्के कमी सांगणे रीतीला धरून आहे, तीन वस्तू एकत्र घेतल्या तर थोडे अधिक. भाव विचारून, कमी करून घेऊन मग वस्तू न घेणे मात्र वाईट दिसते.

खाडी : सॉमच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचून सुमारे ७० चौ. किमीचा उथळ विस्तार तयार झाला आहे. दक्षिण काठावर सँ-व्हालरी, उत्तरेला ल क्रोत्वा, बाहेर गोट्यांच्या किनाऱ्यावर कायो. ओहोटीला खाडी जवळजवळ कोरडी पडते. इंग्लंड जिंकायला निघालेल्या नॉर्मंडीच्या विल्यमचे जहाजांचे तांडे १०६६ मध्ये सँ-व्हालरीहूनच सुटले.

भरतीची ताकद फ्रान्समध्ये २० ते १२० अशा गुणांकात सांगतात. ७० मध्यम, ९५ च्या पुढे मोठी. कोकणातल्या माणसाला हे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) म्हणून ठाऊकच आहे. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दिवसांत गुणांक चढतो, आणि विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमध्ये, वर्षातली सर्वांत मोठी उधाणे येतात. उधाणाच्या दिवसांत इथे पाणी साधारण दुपारच्या सुरुवातीला पूर्ण चढते. भांगाच्या दिवसांत खाडीच्या आतल्या भागापर्यंत ते नीट पोचतही नाही, आणि ‘समुद्र पाहायला’ आलेला माणूस दिवसभर चिखल पाहून परततो. तिथीवरून अंदाज बांधता येतो, पण खाडीत उतरायचे तर छापील तक्ताच वापरावा. तक्त्यातली वेळ कोणती तेही पाहावे. काही तक्ते जागतिक वेळेत असतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फ्रान्सचे घड्याळ तिच्या दोन तास पुढे असते.

वाळूवर वाटाड्याशिवाय दूर जाऊ नये. पाणी समोरून लाटेसारखे येत नाही. ते आधी मागच्या ओहळांत शिरते, आणि पुढे कोरडी वाळू दिसत असतानाच परतीची वाट बुडते. धुके आले तर दिशाही जाते. वाटाड्याबरोबर खाडी ओलांडायला सुमारे तीन तास लागतात. उन्हाळ्यात अनवाणी जातात, ऑक्टोबरमध्ये घट्ट बसणारे बूट लागतात. सैल गमबूट चिखल ओढून घेतो.

काय पाहायचे त्यावर वेळ ठरते. सील वाळूच्या पट्ट्यांवर ओहोटीला पडून असतात. त्यांसाठी ल उर्देलचे टोक, दुर्बीण आणि ३०० मीटरचे अंतर. पक्ष्यांचे उलटे. भरती त्यांना काठाकडे ढकलते, म्हणून मार्कांतेर उद्यानात पाणी चढताना जावे. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत. काठावरच्या खारट कुरणांत (मोलिएर) बदकांच्या शिकारीसाठी जमिनीत अर्धवट पुरलेल्या झोपड्या असतात आणि शरद हा त्यांचा हंगाम. पहाटे-संध्याकाळी आखलेल्या वाटेवरच राहावे. याच कुरणांवर चरलेल्या मेंढ्यांचे मांस इथली महाग खासियत. स्वस्तात हॅम, मश्रूम व सायीचे सारण पातळ धिरड्यात भरून भाजलेली ‘फिसेल पिकार्द’ आणि भरपूर अंड्यांच्या बलकाचा उंच, जाळीदार ‘गातो बात्यु’ मिळतो.

आखणी : पॅरिसच्या गार द्यु नोरहून आमियाँ रेल्वेने तासाभराहून थोडे अधिक. आमियाँहून आबव्हीलमार्गे न्वायेल-स्युर-मेर. तिथून खाडीभोवती मीटरगेजची पर्यटक रेल्वे क्रोत्वा, सँ-व्हालरी व कायोकडे जाते. ऑक्टोबरमध्ये ती रोज धावत नाही, आणि कायोच्या लाकडी स्नानकुट्या तोवर उतरवलेल्या असू शकतात. बहुतेक पाहुणे पहाटे बाजार आणि दुपारी समुद्र असा रविवार आखतात. तो कागदावर सुटसुटीत दिसतो, पण चारपासून जागा असलेला माणूस, डिकीत उघडी पडलेली चिनीमाती आणि किनाऱ्यावरच्या वाहनतळातली गाडी हे तिन्ही एकमेकांना त्रास देतात. शनिवारी भरती पाहून खाडी उरकावी, रात्री आमियाँला राहावे. शहराचा मध्यभाग रेदरीसाठी वाहनांना बंद होतो, त्यामुळे गाडी शनिवारी संध्याकाळीच त्याबाहेर, आणि वजन उचलून आणता येईल इतक्या अंतरावर लावावी.