खिशातल्या संगणकाचा सुटा भाग

निन्टेन्डोचा गेम बॉय हे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र. ते २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीला आलं, तेव्हाच त्याची ताकद बेताची होती. सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झ वेगाचा ८-बिट प्रोसेसर, कामापुरती ८ किलोबाइट रॅम, चित्रांसाठी आणखी ८, आणि चारच छटा दाखवणारा १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्वस्त, दणकट आणि सेल कमी खाणारं यंत्र हवं होतं, म्हणून त्यांनी हे असं ठरवून केलं. तरी पुढची जवळपास दहा वर्षं या यंत्रासाठी नवे गेम येत राहिले आणि त्यांतले काही तर पहिल्या गेमच्या कितीतरी पट मोठे होते. यंत्र तेच होतं. बदलत होतं ते त्याच्या पाठीत खोचलं जाणारं कार्ट्रिज.

कार्ट्रिज म्हणजे गेम साठवायची डबी, असा आपला समज असतो. गेम बॉयचं कार्ट्रिज उघडून पाहिलं की तो टिकत नाही. आत एक छोटा सर्किट बोर्ड असतो आणि त्याच्या कडेला सोनेरी मुलाम्याचे ३२ संपर्क. त्यांतले १६ पत्ता सांगण्यासाठी, ८ माहितीच्या देवाणघेवाणीसाठी, उरलेले वीज, घड्याळाचे ठोके, वाचा-लिहाचे इशारे वगैरेंसाठी. हे संपर्क थेट प्रोसेसरच्या तारांना जाऊन भिडतात. मधे कुणी दुभाष्या नाही. प्रोसेसर पत्ता उच्चारतो, कार्ट्रिजमधली रॉम (फक्त वाचता येणारी मेमरी) चिप त्या पत्त्यावरचा बाइट पुढे करते आणि तो लगेच अमलात येतो. गेम आधी रॅममध्ये उतरवून घ्यावा लागत नाही, म्हणूनच तो बटण सरकवताच सुरू होतो. (त्याआधीच्या एका यंत्राने तर याची हद्द गाठली होती. मिल्टन ब्रॅडलीच्या १९७९ सालच्या मायक्रोव्हिजनमध्ये प्रोसेसरच कार्ट्रिजमध्ये असे. हातातल्या यंत्रात उरत पडदा आणि बटणं.)

आता अडचण पाहा. १६ तारांवर शून्य आणि एक मांडून ६५,५३६ वेगवेगळे पत्ते तयार होतात. त्यांतले निम्मे, म्हणजे ३२ किलोबाइट, कार्ट्रिजच्या रॉमसाठी राखलेले. टेट्रिस तेवढ्यात आरामात मावला. पण १९९८ साली अमेरिकेत आलेला ‘पोकेमॉन रेड’ १ मेगाबाइटचा, म्हणजे त्या जागेच्या ३२ पट आहे. प्रोसेसरला जे पत्ते उच्चारताच येत नाहीत, तिथली माहिती तो वाचणार कशी?

यावरचा तोडगा मला या सगळ्या तंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटतो. कार्ट्रिजमध्ये रॉमच्या जोडीला आणखी एक छोटी चिप बसवली, मेमरी बँक कंट्रोलर (एमबीसी). तिने गेमचे १६ किलोबाइटचे तुकडे पाडले. पहिला तुकडा प्रोसेसरला कायम दिसतो आणि उरलेल्या जागेत बाकीच्यांपैकी कोणताही एक. तो बदलायचा तर प्रोसेसरकडून चिपला निरोप जायला हवा, पण त्यासाठी वेगळी तार नाही. मग निरोप धाडायचा तो चक्क रॉमच्याच पत्त्यावर काहीतरी ‘लिहून’! रॉमवर लिहिता येत नाही हे सर्वांनाच ठाऊक, त्यामुळे असं लिहिणं एरवी वायाच गेलं असतं. कंट्रोलर मात्र ते मधल्या मधे टिपतो आणि लिहिलेल्या आकड्याचा तुकडा समोर आणून ठेवतो. प्रोसेसरला या अदलाबदलीचा पत्ताही नसतो. त्याच्या लेखी पत्ते तेच आहेत, फक्त तिथला मजकूर बदललाय. पुढच्या एमबीसी५ या कंट्रोलरने असे ५१२ तुकडे हाताळले, म्हणजे ८ मेगाबाइट. त्यासाठी लोकांच्या हातातल्या गेम बॉयमध्ये एक स्क्रूही बदलावा लागला नाही.

प्रोसेसरच्या तारा कार्ट्रिजपर्यंत उघड्या आल्या, की तिथे काय जोडायचं ते बनवणाऱ्याच्या कल्पनेवर. एका कार्ट्रिजमध्ये कॅमेरा आला, एकात यंत्र कलतं झालेलं ओळखणारा संवेदक. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये घड्याळ आलं आणि गेममध्ये खरोखरीचे दिवस-रात्र होऊ लागले. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंद मोजायला साधी सर्किटं पुरतात.

खेळाची प्रगती जपायला मात्र रॉमचा उपयोग नाही, तिथे रॅमच हवी, आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. म्हणून बोर्डवर ३ व्होल्टचा बटणाएवढा लिथियम सेल बसवला. स्टॅटिक रॅमला नुसतं लक्षात ठेवण्यासाठी अत्यल्प प्रवाह पुरतो, त्यामुळे सेल वर्षानुवर्षं पुरे. घड्याळवाल्या कार्ट्रिजमध्ये स्फटिकही सतत चालू, म्हणून तिथले सेल लवकर संपले.

सुरू होताना पडद्यावरून खाली सरकणारं निन्टेन्डोचं नाव आठवतं? ती एक तपासणी आहे. यंत्रातला अवघ्या २५६ बाइटचा प्रोग्राम कार्ट्रिजमधले ४८ बाइट वाचून नाव रंगवतो, मग ते स्वतःकडच्या प्रतीशी ताडून पाहतो. जुळलं नाही तर तिथेच थांबतो. नाव कार्ट्रिजमधूनच येत असल्यामुळे संपर्क मळलेले असले की अक्षरं वेडीवाकडी दिसतात. कार्ट्रिजच नसेल तर दिसते नुसती काळी पट्टी. अशा वेळी, टीव्हीला जोडायच्या गेमच्या ‘कॅसेटी’वर आपल्याकडे सर्रास मारत तशी फुंकर मारू नये. श्वासातल्या ओलाव्याने संपर्क गंजतात. गेम चालू झाला तरी त्याचं श्रेय बहुधा काढून पुन्हा बसवण्याला असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा फिरवणं हाच खरा उपाय.

मास्क रॉममधले शून्य आणि एक कारखान्यातच चिपच्या रचनेत कोरलेले असतात. त्यांना वीज लागत नाही, म्हणून तीस वर्षांपूर्वीचे गेम आजही चालतात. जाते ती खेळणाऱ्याची स्वतःची नोंद. घरात जुनं कार्ट्रिज असेल आणि सेल अजून जिवंत असेल, तर आधी कार्ट्रिज रीडरने नोंद संगणकावर उतरवून घ्यावी. त्याच ३२ संपर्कांतून हे काम काही मिनिटांत होतं. मग सेल बदलावा, पण आधीच धातूच्या पट्ट्या जोडलेला. सोल्डरची उष्णता थेट लिथियम सेलला लागली तर तो फुटू शकतो.